शोकप्रस्ताव प्रलंबित

आमची ही गेली तेव्हा पहिला फोन मी तिच्या बहिणीला केला, दुसरा मुलीला आणि तिसरा कट्ट्याच्या साहेबांना. साहेब म्हणाले, "तुम्ही प्रश्नांच्या पानावर घाईने काही लिहू नका. रीतसर शोकप्रस्ताव येईल. बाईंना शोभेल असा." मी बरं म्हटलं. तिथेच फसलो.

कट्टा म्हणजे इंटरनेटवरची एक जागा. लोक तिथे कायद्याचे प्रश्न विचारतात. घरमालक अनामत परत देत नाही, भावाने खोटी सही केली, कामावरून काढलं पण कागद दिला नाही, असले. ज्याला ठाऊक आहे तो उत्तर देतो, फुकट. ही जागा साहेबांनी आणि हिने मिळून सुरू केली. साहेब निवृत्त न्यायाधीश. ही सभागृहात लघुलेखक होती. निवडून आलेली माणसं उभी राहून जे बोलतात ते शब्द न् शब्द उतरवून घ्यायचं, हे तिचं आयुष्यभराचं काम. कायदे जन्माला येताना तिने समोर बसून ऐकले होते, मग घरी येऊन ते मुळातून वाचायची. वकिलीची पदवी मात्र नव्हती. मी लिफ्ट दुरुस्त करतो. माझा कायद्याशी संबंध एवढाच की लिफ्टमध्ये किती माणसं चढावीत ते पाटीवर लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही.

सुरुवातीला कट्ट्यावर नुसता मासळीबाजार होता. एका शिवणवालीने विचारलं होतं, "दुकानाचा मालक आज उद्या कुलूप लावतो म्हणतोय, मशिनं आत आहेत, काय करू?" तिच्या प्रश्नाखाली दोन वकील एकमेकांची अक्कल काढत बसले. तिने पुन्हा विचारलं. ते भांडतच राहिले. शेवटी तिने लिहिलं, "माफ करा, चुकून विचारलं."

हिने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. "अहो, माफी कसली मागते ती? ज्यांनी मागायची ते तर कॉलर ताठ करून बसलेत."

त्याच आठवड्यात तिने कट्ट्याचे दोन भाग केले. एक प्रश्नांचं पान, जिथे विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्यामध्ये कोणी तोंड घालायचं नाही. दुसरं सभागृह, जिथे भांडायचं ते भांडायचं, पण रीतीने. बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून, एकमेकांना नाही. एका वेळी एकच विषय. ठराव मांडला तर दुसऱ्याचं अनुमोदन हवं. साहेब अध्यक्ष झाले.

मुलीला हे पटलं नव्हतं. ती म्हणायची, "आई, ही काय संसद आहे? लोक घरच्या कपड्यांत पाय पसरून लिहितात. त्यांना तू 'माननीय अध्यक्ष महोदय' म्हणायला लावतेस!"

"म्हणूनच लावते. अंगात कोट नसला की तोंडाला तरी हवा."

मीही टिंगल करायचो. संध्याकाळी कामावरून आलो की म्हणायचो, "चहाचा ठराव मांडतो. अनुमोदन आहे का?"

"अनुमोदक नाही, सूचक स्वतः उठणार असेल तर ठराव मंजूर," ती फोनमधून मान वर न काढता म्हणायची. मी उठायचो.

पण एक सांगतो, तिची रीत चालली. शिवणवालीला उत्तर मिळालं, हिनेच दिलं, आणि दुकानाला कुलूप लागलं नाही. कमी शिकलेली माणसं न घाबरता विचारू लागली, कारण त्यांच्या अंगावर कोणी ओरडत नव्हतं. मी लिफ्टवाला आहे. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली की आधी आतल्या माणसाशी बोलायचं असतं, मोटर नंतर बघायची. ही तेच करत होती असं मला वाटायचं, म्हणून मी पुढे टिंगल कमी केली. सोडली नाही.

त्या दोन भांडखोर वकिलांपैकी एक निघून गेला. दुसरा राहिला, त्याचं नाव हिने हरकतराव ठेवलं. त्याला तिची रीत कोणाहीपेक्षा आवडली. नियम त्याला तिच्यापेक्षा जास्त पाठ. प्रत्येक गोष्टीत हरकतीचा मुद्दा. आवाज कधी चढला नाही, शब्द कधी वाकडा नाही. ही म्हणायची, "शिवी देणाऱ्याला बाहेर काढता येतं. नियम दाखवणाऱ्याला पाणी विचारावं लागतं."

एकदा त्याने न आवडणाऱ्या चार जणांची नावं परस्पर काढून टाकायला लावली. तेव्हा हिने आणखी एक नियम घालून घेतला: सभागृहाच्या नोंदीशिवाय कोणत्याही सदस्याचं नाव कमी होणार नाही. त्या नियमावर ती खूश होती. "आता कोणाला गुपचूप मारता येणार नाही," असं म्हणाली होती.

आणि शोकप्रस्तावाचाही नियम तिचाच. तो एकमतानेच मंजूर होणार, एकाचाही विरोध चालणार नाही, आणि त्यानंतर दोन मिनिटं कोणी काही लिहायचं नाही. खऱ्या सभागृहात तसं असतं, ती सांगायची. दिवसभर एकमेकांच्या उरावर बसणारे शोकप्रस्तावाला मुकाट्याने उभे राहतात. "माझी पेन्सिल खाली ठेवायची तेवढीच वेळ. बाकी दिवसभर हात चालूच."

दवाखान्यातही तिचा हात चालूच होता. एका हाताला सलाइन, दुसऱ्या हातात फोन. मी म्हणायचो ठेव आता. ती म्हणायची, "हा माणूस उद्या कोर्टात उभा राहणार आहे हो, त्याला काय सांगू, मला सलाइन लावलंय म्हणून?"

ती गेल्यावर साहेबांनी खरंच चांगला प्रस्ताव लिहिला. तीन ओळींचा. त्यात होतं, "कट्ट्याच्या संस्थापक आणि आम्हा सर्वांच्या मार्गदर्शक यांचं निधन झालं. हे सभागृह त्यांना आदरांजली वाहत आहे." तिचा फोन आता माझ्याकडे असायचा. दुपारी एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशिनच्या खोलीत बसून मी ते वाचलं. बरं वाटलं. मशिन चालू होतं, तेलाचा वास होता, कोणी बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हरकतरावाची उपसूचना आली. "मार्गदर्शक" या शब्दाऐवजी "हितचिंतक" असा शब्द घालावा. कारण मार्गदर्शक म्हटलं की कायदेशीर सल्ला दिला असा अर्थ निघतो, आणि दिवंगत सदस्या वकील नव्हत्या. दिवंगत सदस्यांबद्दल आपल्याला नितांत आदर आहे, हेही त्याने लिहिलं होतं.

त्यावर एकाने उपसूचनेला उपसूचना दिली, "ज्येष्ठ हितचिंतक" म्हणा. दुसऱ्याने विचारलं, ज्येष्ठ कशावरून, वयावरून की सदस्यत्वावरून? अध्यक्षांनी खुलासा मागवला. खुलासा आला. मग गणपूर्ती नाही म्हणून कामकाज तहकूब झालं. पुन्हा भरलं, पुन्हा तहकूब. माझ्या बायकोचा शोक विषयपत्रिकेवर दुसऱ्या क्रमांकावरून पाचव्यावर गेला.

मुलगी रविवारी आली होती. भांडी पुसता पुसता म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांना सरळ सांगा ना. मेलेल्या माणसाच्या शब्दावरून कसली घासाघीस!"

"मी सदस्य नाही."

"आईचा नवरा आहात!"

"ते पद त्यांच्या नियमांत नाही."

ती हसली नाही. ताट जरा जोरात ठेवलं. "मी आईला तेव्हाच सांगत होते. ही भांडणं समोरासमोर बसलेल्या माणसांची. तिथे निदान एकमेकांची तोंडं दिसतात, लाज वाटते. इथे कोणाला कोण दिसतंय?"

मी म्हटलं, "तिला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. ती म्हणाली, मुद्दा नोंदवून घेतला."

तेव्हा मात्र आम्ही दोघंही हसलो, आणि मग मुलगी न्हाणीघरात जाऊन बराच वेळ पाणी सोडून राहिली.

शब्दाचं भांडण शब्दावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण हरकतराव पुढच्या पायरीवर गेला. बाई वकील नव्हत्या हे सभागृहात कोणी नाकारत नाही, मग त्यांची उत्तरं प्रश्नांच्या पानावर कोणत्या अधिकाराने आहेत? त्याने स्वतंत्र ठराव मांडला: वकिलीची पदवी नसलेल्या सदस्यांनी दिलेली सर्व उत्तरं काढून टाकावीत. अनुमोदन लगेच मिळालं.

त्याचं सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या एका बिनपदवीच्या माणसाने कुणाला भलतंच सांगितलं होतं आणि तो बिचारा खटला हरला होता. कायदे बदलतात, हेही खरं. ही असती तर जुनी उत्तरं उघडून दुरुस्त करत बसली असती. आता कोण करणार? पण तिच्या उत्तरांनी माणसं घरात राहिली होती, कामावर परत गेली होती. ती उत्तरं लोक अजून शोधून वाचत होते. मला तेवढंच हवं होतं. मार्गदर्शक नको, संस्थापक नको, आदरांजली नको. तिने लिहिलेलं तिथे राहू दे.

मुलीने सगळी उत्तरं उतरवून मला दिली. "घ्या, काढली तरी तुमच्याकडे राहतील."

"माझ्याकडे ठेवून काय करू? लोणचं घालू? ज्याच्या दाराला कुलूप लागतंय तो माझ्या कपाटात शोधायला येणार आहे का?"

मग मी रीतसर सदस्य झालो. साहेबांनी लगेच मंजुरी दिली, वर फोनही केला. म्हणाले, "उपसूचना मांडा. म्हणा, त्यांची उत्तरं राहू द्यावीत, खाली एक ओळ टाकावी की या वकील नव्हत्या. वाजवी आहे. मी अध्यक्ष आहे, मला बाजू घेता येत नाही. पण तुम्हाला एक अनुमोदक मिळाला की चर्चा होईल, आणि चर्चा झाली की लोक ऐकतील."

"आणि नाही मिळाला तर?"

"एवढ्या लोकांना बाईंनी मदत केलीय. एक नाही मिळणार?"

मी उपसूचना लिहिली. मुलीने शुद्धलेखन बघितलं. "माननीय अध्यक्ष महोदय" लिहिताना बोटं जड झाली, कारण हे शब्द घरात मी फक्त थट्टेत वापरले होते. पाठवली. साहेबांनी विचारलं, "अनुमोदन?"

कोणी नाही.

साहेबांनी मुदत दिली. पुन्हा विचारलं. मी एका सोसायटीत लिफ्टचे दोर बदलत होतो. हात ग्रीसने माखलेले, दर थोड्या वेळाने कोपराने फोन उजळवून बघत होतो. माझा जोडीदार म्हणाला, "काका, कोणाचा मेसेज यायचाय एवढा?"

"कोणाचाही चालेल," मी म्हटलं.

कोणाचाही आला नाही. शिवणवाली कुठे होती? तो कोर्टात उभा राहणारा माणूस कुठे होता? मला वाटलं, जग असंच आहे, गरज सरो वैद्य मरो. त्या दिवशी मी त्या सगळ्यांना मनातल्या मनात फार वाईट बोललो.

अखेरच्या दिवशी साहेबांनी लिहिलं, "अनुमोदन नसल्यास संध्याकाळच्या कामकाजात उपसूचना बाद होईल."

संध्याकाळी मी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. समोर दोन फोन होते. एक माझा, एक तिचा. तिच्या फोनवर कट्टा तिच्याच नावाने उघडा होता, कधी बंदच केला नव्हता. माझ्या फोनवर साहेबांचा प्रश्न आला, "शेवटचं विचारतो. अनुमोदन?"

मी तिचा फोन उचलला आणि लिहिलं, "अनुमोदन."

तिला हे आवडलं नसतं, हे मला पाठवतानाच कळत होतं. पण ती नव्हती, आणि आवडण्यानावडण्याचं बघायला जे माणूस हवं तेच नव्हतं, म्हणूनच तर हे सगळं चाललं होतं.

मग साहेबांनी लिहिलं, "अनुमोदन आलं आहे. उपसूचना चर्चेस घेण्यात येते."

हरकतरावाने लिहिलं, "हरकतीचा मुद्दा, अध्यक्ष महोदय. अनुमोदक हयात नाहीत."

साहेब: "सभागृहापुढे तशी नोंद नाही. शोकप्रस्ताव प्रलंबित आहे. नोंदीशिवाय सदस्याचं नाव कमी होत नाही. त्या या क्षणी सदस्य आहेत."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. माझ्या तोंडून "शाब्बास साहेब" निघून गेलं. रिकाम्या घरात ते फार मोठं ऐकू आलं. तिचाच नियम तिला जिवंत ठेवत होता. त्या घटकेला जगात ती एकाच ठिकाणी जिवंत होती, आणि ते ठिकाण माझ्या टेबलावर उजळलेलं होतं.

हरकतराव कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने लिहिलं, "मग शोकप्रस्ताव सर्व कामकाजाच्या आधी घ्यावा, असं मी सुचवतो. माझी उपसूचना मी मागे घेतो. मूळ मसुदा मला मान्य आहे." अनुमोदन. ज्येष्ठवाल्यानेही मागे घेतलं. ज्याने ज्येष्ठ कशावरून विचारलं होतं त्याने तर "संपूर्ण पाठिंबा" लिहिलं. इतके दिवस न जमलेली गणपूर्ती चहा कपात ओतायच्या आत जमली.

साहेबांनी प्रस्ताव पुन्हा वाचायला टाकला. कट्ट्याच्या संस्थापक आणि आम्हा सर्वांच्या मार्गदर्शक. एक शब्द कमी नाही. मग विचारलं, "कोणाचा विरोध?"

एकमत लागतं. माझा एक शब्द पुरेसा होता. मी "विरोध" लिहिलं असतं तर प्रस्ताव पडला असता, ती सदस्य राहिली असती, अनुमोदन टिकलं असतं, चर्चा झाली असती. साहेब थांबले होते. मला वाटतं माझ्यासाठीच थांबले होते. मी तो शब्द लिहायला घेतला. पण वर तिचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, निधन झालं. त्याला विरोध आहे का, असं मला सगळ्या जगासमोर विचारत होते. होताच की. पहिल्या दिवसापासून होता. पण तो असा, या कामासाठी, डाव म्हणून लिहायचा? तिच्या शोकाला एकट्या नवऱ्याचा विरोध, अशी नोंद कायमची राहिली असती. माझ्या बोटांना ते जमेना.

साहेबांनी लिहिलं, "प्रस्ताव एकमताने मंजूर. दोन मिनिटं कोणी काही लिहू नये."

कोणी लिहिलं नाही. हरकतरावाने नाही, कोणीच नाही. मी दोन्ही फोन टेबलावर पालथे ठेवले आणि उभा राहिलो.

पुन्हा सुलटे केले तेव्हा सगळं उरकलं होतं. अनुमोदक सदस्य नसल्याने उपसूचना बाद. मूळ ठराव बहुमताने मंजूर. सभागृह अध्यक्षांचे आभार मानून संपलं होतं. तिच्या फोनवर कट्ट्याने मला बाहेर काढलं होतं, पुन्हा आत घेत नव्हता.

साहेबांचा फोन आला. "मला नियमाबाहेर जाता आलं नाही हो."

मी म्हटलं, "साहेब, नियम तिचेच होते. तुम्ही एकही मोडला नाहीत. मोडला असेल तर मीच." एवढं बोलून फोन ठेवला. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

सकाळी शोकप्रस्ताव प्रश्नांच्या पानावर सगळ्यात वर लागला. मंजूर झालेले ठराव तिथे लावायची पद्धत आहे. आणि मग माझ्या फोनवर माणसं येऊ लागली. मी सदस्य म्हणून नोंदवलेल्या नावावरून त्यांनी मला शोधून काढलं. ताई गेल्या? कधी? आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आम्ही सभागृहाचं पान उघडत नाही हो, ते मोठ्या लोकांचं. कोणी रडत बोललं, कोणी नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ज्यांना मी मनातून वाईट बोललो होतो ते एकेक करून माझ्या दारात येऊन उभे राहावेत तसं झालं. दोष एकाचाही नव्हता. त्यांना माहीतच नव्हतं. प्रश्नांच्या पानावर घाईने काही लिहू नका, असं मला सांगितलं होतं, आणि मी लिहिलं नव्हतं.

शिवणवालीचाही निरोप आला. लिहिलं होतं, "दादा, ताईंमुळे माझं दुकान आहे. आता शेजारच्या चांभाराला मालकाने कुलूप लावायची धमकी दिलीय. ताईंनी मला दिलेलं उत्तर त्याला दाखवायचं म्हणून शोधतेय, मिळत नाहीये. कुठे आहे सांगाल का?"

मी कट्टा उघडला. तिचा तो जुना प्रश्न मिळाला. प्रश्न कोणी काढले नव्हते, ठराव फक्त उत्तरांचा होता. दुकानाचा मालक आज उद्या कुलूप लावतो म्हणतोय, मशिनं आत आहेत, काय करू? त्याच्या खाली पांढरी जागा. आणखी खाली गेलो. प्रश्न, पांढरी जागा. प्रश्न, पांढरी जागा. कोणी ओरडत नव्हतं, कोणी कोणाची अक्कल काढत नव्हतं. सगळं रीतीने चाललं होतं.

मुलीने उतरवून दिलेल्या गठ्ठ्यातून ते एक उत्तर शोधलं आणि शिवणवालीला पाठवलं. तिचं लगेच आलं, "हेच ते. दादा, हे पुन्हा तिथे टाका ना, म्हणजे सगळ्यांना मिळेल."

मी तिला लिहिलं, "त्याला ठराव लागेल."